आषाढातले इसवण

बेळगावहून गोव्यास जाणारी चोर्ल्याच्या घाटाची वाट पावसाळ्यात ज्याने पाहिली असेल, त्यास तिची शोभा सांगावयास नको. २०२५ च्या जुलैमधील एका शुक्रवारी आम्ही सहकुटुंब त्या वाटेने पणजीस निघालो. डोंगरांवरून धबधबे कोसळत होते. परंतु आमच्या वृद्ध आईचे लक्ष त्यांत नव्हते. तिचे माहेर सासष्टीतले. तेथे आता कोणी उरले नाही. "डोळे मिटण्यापूर्वी एकदा माहेरच्या चवीचे इसवणाचे हुमण खाईन," एवढेच तिचे मागणे होते, आणि तेवढ्यासाठीच हा प्रवास योजिला होता.

मांडवीचा पूल ओलांडताना मालीमच्या धक्क्याशी ट्रॉलरांची दाटी दिसली. "केवढे हे वैभव!" असे आम्ही उद्गारलो. भर दिवसा त्या होड्या किनाऱ्याशी का उभ्या, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी एकाच्याही मनास शिवला नाही.

पणजीत एका उपाहारगृहाच्या दारी 'ताजी मासळी, घरगुती चव' अशी पाटी होती. तिच्यावर भाळून आम्ही आत शिरलो. बराच वेळ ताटकळल्यावर ताटे आली. हुमणाचा रंग लालभडक, वर तेलाचा तवंग. नारळाचा गोडवा नाही, सोलांचा आंबटपणा नाही. तुकडीस बोट लावताच ती ओल्या कापसासारखी विस्कटली. आईने दोन घास घेतले आणि ताट हळूच पुढे सारले. "भूक नाही रे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत आलेले पाणी तिखटाचे नव्हते.

आम्ही वाढणाऱ्या पोरावर संतापलो. तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, हे बर्फातले आहे. सध्या मासेमारी बंद असते."

पाटी खोटी होती, यात शंका नाही. पण आमचे अज्ञानही थोडे नव्हते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला असतो, आणि हा मासळीच्या विणीचा काळ असतो. मालीमचे ते 'वैभव' म्हणजे विसावा घेणाऱ्या होड्या होत्या!

आई क्षणभर गप्प राहिली. मग एकाएकी हसली. "मीच विसरले. आषाढात आमच्या घरी इसवण कोण मागत होते? तेव्हा पुरुमेत उघडायचे!"

पुरुमेत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. शब्द मूळचा पोर्तुगीज. मे-जूनच्या सुमारास मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चपाशी पुरुमेताची जत्रा भरते. सुकी मासळी, सोले, चिंच, मिरच्या तेथे खरेदी होतात. त्या जत्रेच्या आठवणी सांगताना आईचा चेहरा उजळला.

निघताना त्या पोरापाशी आम्ही दिलगिरी व्यक्त केली. त्याच्या हाती ना पाटी होती, ना समुद्र. परतीच्या वाटेवर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार लागला. तेथे आईने स्वतः पारखून सुकी सुंगटे घेतली. रात्री घरी पोहोचल्यावर दमलेली असूनही ती चुलीपाशी बसली. सुंगटे भाजली; खवलेला नारळ, कांदा, तिखट आणि चिंचेचा कोळ घालून किसमूर कालवले. सोबत उकड्या तांदळाचा भात.

प्रार्थना म्हणून आम्ही जेवावयास बसलो. आईने पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग ताट पुढे करून म्हणाली, "आणखी थोडा भात वाढ, बाळ."