बारीक पायऱ्यांचा जिना

रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचे गोल बटण आपण सगळ्यांनीच आयुष्यभर फिरवले. त्यामागच्या वस्तूला पोटेन्शिओमीटर म्हणतात. आता त्याचाही डिजिटल अवतार आला आहे. नातू इंजिनिअरिंगला आहे, दिवाळीत वर्ध्याला आला तेव्हा त्याने दाखवला. आठ पायांची इवलीशी काळी चिप, एमसीपी४१०१०. फिरवायला काही नाहीच! आत सारख्या रोधांची रांग, आणि ० ते २५५ यातला आकडा पाठवला की जोडणी त्या पायरीवर जाऊन बसते. एकूण रोध १०,००० ओहम, म्हणजे एक पायरी साधारण ३९ ओहमची.

मी विचारले, "अरे, मोजले तर बरोबर दहा हजारच भरतील का?"

"नाही आबा. कंपनीच सांगते, ८,००० ते १२,००० मध्ये काहीही."

पायऱ्या बारीक असणे वेगळे आणि जिना मापात असणे वेगळे! मात्र एका चिपमधल्या पायऱ्या आपसांत जवळजवळ सारख्या असतात. त्यामुळे व्होल्टेजचे नुसते वाटे पाडायचे असतील तर काही बिघडत नाही, निम्म्याला निम्मेच मिळते. नेमके अमुक ओहम हवे असतील, किंवा एका चिपच्या जागी दुसरी बसवली, की फरक दिसतो. शिवाय सरकत्या जोडणीचाच रोध पन्नासेक ओहम, एका पायरीहून जास्त. म्हणून नेमके काम असेल तर प्रत्येक चिप मोजून घ्यावी लागते.

मी बी.ए.वाला मराठीचा मास्तर. मला आठवले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. एका परीक्षकाच्या गठ्ठ्यात मुलांचा क्रम बहुधा बरोबर लागतो. पण तोच निबंध एकाकडे पाच गुण घेतो, दुसऱ्याकडे सात. नियामक काही पेपर पुन्हा बघतात, तेवढाच फरक कमी होतो. आणि टक्के मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत! ६०० पैकी ४७० म्हणजे ७८.३३, ४६९ म्हणजे ७८.१७. चिपच्या कागदावर वीस टक्के इकडे-तिकडे असे छापलेले तरी असते. गुणपत्रिकेवर तसा रकाना मी कधी पाहिला नाही.

माझा एक विद्यार्थी पॉलिटेक्निकला असाच एका गुणाने हुकला. शेवटची जागा मिळालेला मुलगा दुसऱ्या केंद्रावरचा, म्हणजे पेपर बहुधा दुसऱ्याच हाताने तपासलेले. आमच्या पोराने आयटीआय केले. आज त्याचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान उत्तम चालते, भेटला की चहा पाजतो. त्याला काही हळहळ नाही. मला आहे.