एकट्या माणसाला खोली देताना

एकट्या राहणाऱ्या माणसाबद्दलचं माझं मत गेल्या काही वर्षांत पार बदललं. ते का बदललं, ते मोकळेपणानं मांडते.

चऱ्होली बुद्रुकमध्ये आमच्या काही खोल्या भाड्यानं असतात. पूर्वी माझी अट एकच असायची : फॅमिलीलाच देणार. मुलगा असो की मुलगी, एकटं माणूस नको. गावातले पुष्कळ घरमालक हेच म्हणतात, पाट्यांवरही तसंच लिहिलेलं असतं आणि नव्या सोसायट्यांच्या मीटिंगमध्येही विषय निघाला की सूर तोच लागतो.

या अटीमागे भीती होती, पण नुसती भीती नव्हती. मी भरल्या घरात नांदले. सासू-सासरे, दीर-जावा, ओट्यावर पोरांचा गलका, संध्याकाळी देवळात हरिपाठ. दुखलं-खुपलं तर कोणी ना कोणी उशाशी असायचंच. त्यामुळे जो चारचौघांत मिसळत नाही त्याचं काहीतरी बिनसलंय, असंच वाटायचं. एकलकोंडा, माणूसघाणा, तऱ्हेवाईक ही आपली विशेषणंही सगळी नावं ठेवणारीच. हल्लीची मुलं 'लोनर' म्हणतात. एखाद्या भयंकर गुन्ह्यानंतर आरोपीचं वर्णन करताना हा शब्द इतक्यांदा ऐकू येतो की तो कानावर पडला तरी मनात शंका येते. एकटं माणूस एक तर बिचारं, नाहीतर त्याच्यात काही काळंबेरं आहे, अशी माझी पक्की वाटणी होती.

1997 मध्ये चऱ्होली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली आणि पुढं शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले. एका अंगाला भोसरीची एमआयडीसी, इंद्रायणीपलीकडं चाकण. लातूर, बुलढाणा, यवतमाळकडून पोरं-पोरी कामाला आल्या. त्यांतली कितीतरी जणं कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत पाच-सहा जण; फर्स्ट शिफ्टवाला उठून गेला की नाईटवाला येऊन त्याच गादीवर आडवा होतो. सोबतीची टंचाई तिथं नसतेच. जागा मिळत नाही ती गप्प बसायला.

हे मला कळलं एका मुलीमुळं. ओळखीतून आली म्हणून अट बाजूला ठेवून तिला खोली दिली. चाकणच्या एका कारखान्यात ती असेंब्ली लाईनवर होती. कामावरून आली की दार लावून घ्यायची. मी भाजी देण्याच्या निमित्तानं जायची, जेवायला बोलवायची, सणाला हाक मारायची. ती हसून नको म्हणायची. हिला बोलती करायलाच हवी, असं मी मनावर घेतलं होतं. एक दिवस तीच म्हणाली, "काकू, राग मानू नका. आठ तास मशीनचा आवाज, बसमध्ये गाणी. आधीच्या रूमवर आम्ही सहा जणी होतो. आईला फोन करायचा तर जिन्यात जाऊन बसायचे. रडायचं तरी बाथरूम रिकामं व्हायची वाट बघावी लागायची. जास्त भाडं देते ती या दारासाठी."

त्या दिवशी मी तिची खोली नीट पाहिली. उंबऱ्याशी चपलांचा एकच जोड. खिडकीच्या गजाला वाळत घातलेला कंपनीचा शर्ट. भिंतीशी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची चळत, वरच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट. कुणीतरी तिथं मन लावून राहत होतं. त्या खोलीत कीव करावी असं काहीच नव्हतं.

मग रोजच्या पाहण्यातल्या गोष्टींकडंही मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले. घरी बायको-पोरं असताना तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर, भंडाऱ्यावर जाऊन बसत. तो भामचंद्र आज चाकणच्या कारखान्यांच्या कडेला उभा आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना एकांताची ओढ आणि गर्दीची नावड यांचाही समावेश केलाय, आणि माउलींनी त्यावर मनापासून भाष्य केलंय. संतांच्या एकांतापुढं आम्ही हात जोडतो. भाडेकरूनं तोच मागितला की त्याच्या चारित्र्याची चौकशी करतो.

पालखी आळंदीहून निघाली की आमच्या थोरल्या पादुकांपाशी थांबते. वारीइतकी मोठी गर्दी दुसरी कुठली? पण दिंडीत चालणारी बाई तासन्‌तास स्वतःशी नाम घेत असते आणि ती का बोलत नाही, असं कुणी विचारत नाही. सगळ्यांबरोबर असून आपल्यापुरतं राहायची मुभा तिथं आहे. शेजारधर्मही असाच असावा, असं आता मला वाटतं.

एकाकीपणाचं दुखणं खरं आहे, हे माझं मत मात्र कायम आहे. ब्रिटनने 2018 मध्ये या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडं दिली, जपानने 2021 मध्ये. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं 2025 च्या अहवालात म्हटलं आहे. पण घरात माणसं किती, यावरून तो मोजत नाहीत. हवी असलेली नाती आणि प्रत्यक्षातली नाती यांत अंतर पडलं, की माणूस एकाकी होतो. म्हणजे भरल्या घरातली सूनही एकाकी असू शकते, आणि एका खोलीतली मुलगी नसूही शकते.

आमच्याकडं बायको गेलेले एक निवृत्त गृहस्थ राहायला आले. पाणी किती वाजता येतं, हे ते रोज नव्यानं विचारायला येत. त्यांना सोबत हवी होती. त्यांना देवळात नेलं, हाती टाळ दिले. आता हरिपाठाला उशीर झालेला त्यांना चालत नाही. जे त्यांना दिलं, तेच त्या मुलीवर मी लादत होते.

आता एकट्या माणसाला मी खोली देते. भाडेकरार आणि पोलीस पडताळणी फॅमिलीला करतो तशीच. पहिल्या दिवशी एवढंच विचारते, "ताप आला तर कुणाला कळवू?" आणि माझा नंबर देते. कामावर जायची वेळ टळली आणि दार उघडलं नाही, तर मी कडी वाजवते. एरवी वाजवत नाही.

गावातल्या घरमालकांना आणि सोसायट्यांच्या कमिट्यांना माझं सांगणं आहे : पाटीवरचं 'फक्त फॅमिली' पुसून टाका. या पट्ट्यातले कारखाने ज्यांच्या जिवावर चालतात, त्यांतले कितीतरी जण इथं एकटेच येतात. त्यांचे हात आपल्याला चालतात, तर राहायला त्यांना एक दारही द्यायला हवं.