भिडू कसा मिळतो?

वाचकहो, चिरगाँव हे नाव हिंदी साहित्याच्या वाचकांना परके नाही. झाशीपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेले हे गाव राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्त यांचे जन्मस्थान. माझा व्यवसाय अनुवादाचा. त्यामुळे ते नाव मी कितीदा तरी लिहिले होते. प्रत्यक्ष तेथे जाण्याचा योग मात्र बहिणीमुळे आला. मेहुण्यांची तेथे बदली झाली, आणि साताऱ्याच्या शाळेत रमलेला माझा तेरा वर्षांचा भाचा एकाएकी बुंदेली बोलणाऱ्या मुलांत येऊन पडला.

मी पोहोचलो त्या संध्याकाळी तो मोबाइलवर चौघांच्या गटाचा एक खेळ खेळत होता. “हे तिघे तुझे मित्र का रे?” मी विचारले. “नाही मामा, खेळानेच दिलेत,” तो म्हणाला. डाव संपताच ते तिघे नाहीसे झाले व नवे तिघे आले. दोन महिन्यांत असे शेकडो सोबती त्याला लाभले होते. परंतु त्यांपैकी एकाचेही नाव त्याला सांगता येईना. बहिणीच्या मनाला हीच गोष्ट लागून राहिली होती.

अनोळखी माणसांतून भिडू जुळविण्याची ही विद्या क्षुल्लक मात्र नव्हे. तिचे मूळ बुद्धिबळात आहे. अर्पाद एलो या पदार्थवैज्ञानिकाची गुणपद्धती अमेरिकेतील बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये व जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. दोघांत २०० गुणांचे अंतर असेल, तर वरचढ खेळाडूला सरासरीने सुमारे तीन चतुर्थांश यश मिळावे, असा तिचा हिशेब. पुढे गटांच्या खेळांसाठी मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधकांनी ‘ट्रूस्किल’ पद्धती रचली. खेळाडूच्या गुणांबरोबरच त्या गुणांविषयीची अनिश्चितताही ती मोजते.

दुसरी रीत कामाच्या वाटणीची. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात २००९ च्या डिसेंबरात आलेले साधन पाच जणांचा गट बांधू लागले : मार झेलणारा एक, जखमा भरून काढणारा एक आणि प्रहार करणारे तीन. तिसरी रीत सूचनाफलकाची. एक्सबॉक्सवर २०१६ मध्ये आलेल्या सोयीत खेळाडू आपली अपेक्षा लिहून ठेवतो, इच्छुक अर्ज करतात आणि तो त्यांतून निवड करतो. पहिली रीत कौशल्य पाहते, दुसरी काम पाहते, तिसरी इच्छा पाहते. वेग पहिल्या दोहोंत अधिक; ओळख होण्याचा संभव तिसरीत अधिक.

दुसऱ्या दिवशी घरासमोरच्या मोकळ्या जागेत मुले क्रिकेटसाठी जमली. त्यांची रीत आपल्याकडच्यासारखीच होती. दोन कप्तान ठरतात. बाकीची मुले तुल्यबळ जोड्या करून दूर जातात, गुप्त नावे घेऊन परततात, आणि कप्तान नाव मागून गडी घेतो. जोडीतला एक इकडे, दुसरा तिकडे. म्हणून दोन्ही बाजू आपोआप समतोल होतात. एलोच्या हिशेबाचे काम येथे मुलांच्या नजरेनेच केले होते.

त्या दिवशी मात्र एक मुलगा जोडीवाचून उरला. सर्वांच्या नजरा आमच्या ओट्याकडे वळल्या. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही. तो उठला. दोघे दूर जाऊन परत आले. जोडीदाराने विचारले, अमरूद हवा की फणस? कप्तान बुचकळ्यात पडला. कटहलाला आमच्याकडे फणस म्हणतात, हे त्याला कोठून ठाऊक असणार? “फणस क्या होता है?” असे म्हणत त्याने कुतूहलापोटी तोच मागितला.

वाचकहो, यंत्राची रीत मी हीन लेखीत नाही. दूर राहणाऱ्यांना, आजाऱ्यांना, एकाकी माणसांना ती सोबत देते. परंतु तिच्या रांगेत माझ्या भाच्यावाचून कोणाचे अडत नव्हते. एक गेला की दुसरा येई. त्या अंगणात मात्र तो नसता, तर जोडी पुरी झाली नसती.

मी निघालो तेव्हा तो निरोप द्यायला घरी नव्हता. बहीण त्याला हाक मारू लागली. मीच तिला थांबविले. अंगणातून “ए फणस!” अशी आरोळी ऐकू येत होती.