काचेवर राहिलेला चेहरा

‘पुराच्या पाण्यानंच गेला चेहरा,’ असं मी त्या काकांना सांगितलं. ते खोटं होतं. तो माझ्या हातून गेला होता.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट; त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. माझा स्टुडिओ विश्रामबागेच्या बाजूला, तिथं पाणी पोचलं नाही. पूर ओसरला, लोकांनी घरं धुऊन काढली आणि सप्टेंबरपासून माझ्याकडे फोटो यायला लागले. पिशवीतून, डब्यातून, पेपरात गुंडाळून. तोवर मी लग्नाच्या ऑर्डरी घेणारा माणूस. जुने फोटो दुरुस्त करायचं फोटोशॉपवर बघत बघत शिकलो होतो. साध्या कामाला ३०० रुपये, किचकट असेल तर १५०० असा दर लावला. रांग लागली तसं मला वाटायला लागलं, की हे आपल्याला येतं.

काका नदीकाठच्या गावातले. त्यांनी आणलेली तसबीर चार दिवस पाण्यात होती आणि मग उन्हात वाळवलेली. मागचा पुठ्ठा फुगून सुटला होता, खिळे गंजले होते, आणि फोटो काचेला घट्ट चिकटला होता. आत नऊवारीतली एक बाई खुर्चीवर बसलेली. ‘आईचा एवढा एकच फोटू हाय बघा,’ काका म्हणाले. तो ‘एकच’ मी ऐकला, पण मनावर घेतला नाही.

जुन्या कृष्णधवल फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. जिलेटिन म्हणजे एक प्रकारचा सरसच. त्यात चांदीचे अतिशय बारीक कण असतात आणि चित्र म्हणतो ते त्याच थरात असतं, कागदात नाही. पाण्यात तो थर फुगतो, मऊ होतो, काचेला लागतो. वाळला की धरून बसतो. फोटो ओला असतानाच काचेपासून वेगळा केला तर निभावण्याची शक्यता असते. एकदा वाळला, की त्याला हात लावायचा नाही. आहे तसा, काचेसकट त्याचा फोटो काढायचा. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, काचेत कॅमेऱ्याचं प्रतिबिंब येऊ नये म्हणून समोर काळं कापड, त्याला लेन्सपुरतं भोक. पंधरा मिनिटांचं काम. पुढचं सगळं त्या प्रतीवर.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. वाचलेलं होतं. पण आदल्याच आठवड्यात एक फोटो पाण्यात भिजवून मी काचेवरून सोडवला होता आणि तो सुटला होता. त्याच हिमतीवर काकांची तसबीर ट्रेमध्ये ठेवली. आधी एक प्रतही काढून घेतली नाही. तासाभरानं कोपरा सुटला, म्हणून ओढला. पदर आला, खांदा आला, हनुवटीपाशी अडकलं. तिथं थांबायला हवं होतं. मी जरा जोर लावला. कागद हातात आला तेव्हा त्यावर आईचा डावा गाल, डावा डोळा होता. उजवीकडे नुसता पांढरा कागद. उजवी बाजू काचेवर राहिली होती, ओली, सुरकुतलेली.

आणि मग मी ती काच पुसली.

ही माझी सगळ्यात मोठी चूक, भिजवण्यापेक्षाही मोठी. काचेवर राहिला होता तो चेहराच होता. काच तशीच वाळू दिली असती, मागं पांढरा कागद धरून फोटो घेतला असता, तर दोन अर्धे जोडता आले असते. पण तेव्हा ती काच मला माझ्या चुकीचा पुरावा वाटली. काका कधीही येतील या भीतीनं मी ओलं फडकं फिरवलं.

मग डाव्या बाजूची प्रत उलटी करून उजवीकडे बसवली, सावल्या जुळवल्या, छापली. काकांनी ती बराच वेळ धरून पाहिली. ‘झालाय झकास,’ म्हणाले. दारापाशी जाऊन परत वळले. ‘आईसारखीच दिसतीया कुनीतरी.’ १५०० रुपये देऊन गेले. मी घेतले.

त्यानंतर काचेच्या बाबतीत मी सुधारलो. आलेला प्रत्येक फोटो आधी स्कॅन करायचा, मूळ फाइलला हात लावायचा नाही, हे ठरलं. पण बाकीचं तसंच चालू होतं. पुढच्या वर्षी एका बाईंनी आजीचा फोटो आणला. त्यावर बुरशीचे ठिपके होते, ते मी एकेक करून घालवले, कपाळ-गाल लख्ख केले. बाईंच्या आईनं फोटो हातात घेतला आणि पहिलं विचारलं, ‘हिचं गोंदण कुठं गेलं?’ हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके मी बुरशीबरोबर पुसले होते. मूळ स्कॅन होता म्हणून अर्ध्या तासात परत आणता आले. पण ‘या फोटोत कोण आहे, कशी होती’ हे मी त्या घरातल्या कुणालाही विचारलं नव्हतं.

एप्रिल-मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, रोज कुणी ना कुणी हार घालायचा फोटो मागायला यायचं, तोही उद्याच हवा असायचा. एकाचा चेहरा लग्नातल्या ग्रुप फोटोत होता, करंगळीच्या नखापेक्षा लहान. संगणकानं आपोआप चेहरा स्पष्ट करणारी नवी सोय मी वापरली. डोळे आले, पापण्या आल्या, ओठ आले. त्या माणसाचे नव्हते. यंत्रानं कुठले तरी बसवले होते. मला ते छापतानाच दिसत होतं. दहाव्याला त्या घरात हार कुणाच्या चेहऱ्याला घातला गेला, हा विचार अजून रात्री येतो. त्या घरी मी आजवर गेलेलो नाही.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा पात्राबाहेर आली. पाणी उतरल्यावर काका स्टुडिओत आले, दुसऱ्या कुणाच्या तरी पासपोर्ट फोटोसाठी. या खेपेला तसबिरी आधीच माळ्यावर टाकल्या म्हणाले. मी त्यांना आत बसवलं आणि काचेचं सगळं सांगितलं. पुसल्याचंही. १५०० रुपये पुढं ठेवले. त्यांनी पैशाकडे पाहिलं नाही. बराच वेळ खाली बघत बसले. मग म्हणाले, ‘तिचा उजवा डोळा जरा बारीक हुता. लहानपणी देवी आल्यात्या. तेवढा तरी करून द्या.’

मी जुनी फाइल उघडली. ते स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले, चष्मा पुसून. मी पापणी खाली ओढायची, ते ‘अजून’ म्हणायचे. गालावर वण कुठं होता, ते त्यांनी स्क्रीनला बोट न लावता दाखवलं. दिवे लागायची वेळ झाली. एकदा मी डोळा जास्तच झाकला तर माझा हात धरला. ‘एवढा न्हाई. तिला दिसायचं त्यातनं.’

मी पापणी थोडी वर घेतली.