शिमोनाची मजुरी

गेल्या चैत्रात सायवनजवळ एस.टी.तून उतरलो आणि गळलेल्या मोहफुलांचा तो गोडसर, किंचित आंबूस दर्प नाकात शिरताच मला शुभ शुक्रवार आठवला. कारण लहानपणी आमची क्रुसाची वाट ज्या झाडांखालून जाई त्यांची फुले नेमकी त्याच दिवसांत पडत आणि अनवाणी तळव्यांना चिकटत.

चौदा स्थानकांपैकी माझे मन आजही पाचव्यावरच अडते. तेथे शिपाई रानातून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला धरतात आणि ख्रिस्ताचा क्रूस त्याच्या खांद्यावर चढवतात. फादर प्रार्थना आटोपून पुढे निघाले, तरी आमच्यातली एक वृद्ध वारली बाई जागची हलली नाही; पदराचे टोक दातांत धरून, चित्रातल्या त्या वाकलेल्या पाठीवरची नजर न काढता तिने माझ्या आईला विचारले, "बाय, याला मजुरी काय दिली?"

आईला उत्तर सुचले नाही. पुढे प्रवचनांतून शिमोन स्वखुशीने धावून आलेला पुण्यात्मा होऊन मला भेटत राहिला, आणि त्या गोडबोल्या प्रवचनकारांविषयीचा माझा आकस अद्याप फिटलेला नाही.

फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात छापले गेले. रेव्हरंड टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. हे सारे मी यथाकाल आदराने वाचले. परंतु 1945 च्या मे महिन्यात झरी येथे जमलेल्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या साक्षीने वेठ न करण्याचा निर्धार केला, तोवर जमीनदाराचा कारभारी या मुलखात कोणालाही हातातले काम टाकायला लावून वाड्यावर राबायला नेई, आणि हूं की चूं करणाऱ्याच्या पाठीवर फटके पडत. त्या बाईला यरुशलेमचा रस्ता परका वाटण्याचे कारणच नव्हते.

मार्काने शिमोनाच्या मुलांची नावे नोंदवली आहेत, अलेक्झांडर आणि रूफस. त्यांच्या आईचे मात्र नाही. तारणाचा गहन अर्थ विद्वानांनी सांगावा. मला आपले वाटते, खांदा सोलवटून, रोज बुडवून तो दिवेलागणीला घरी आला, तेव्हा दारात उभ्या त्या बाईने प्रथम हेच विचारले असेल, की इतका वेळ होतात कुठे?