ओठ आणि शब्द यांच्यामधलं अंतर

प्रिय टाइमलाइन,

संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र तुझ्या वरच्या पट्टीत असतं, आवाज खालच्या. या दोन पट्ट्या प्रेक्षकाच्या ध्यानीमनीही येऊ नयेत, त्याला फक्त बोलणारा माणूस दिसावा, यासाठीच तू आहेस. आज गावोगावची कीर्तनं, व्याख्यानं, नाट्यप्रयोग मोबाइलवर चित्रित होऊन तुझ्यापाशी येतात. ओठ आणि शब्द यांची फारकत झाली की नवखे संकलक तुलाच बोल लावतात. तुझी बाजू मांडावी, म्हणून हे जाहीर पत्र.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. प्रकाशाला जणू वेळच लागत नाही. दूरच्या शेतातली कुऱ्हाड आधी पडताना दिसते, घाव मागून ऐकू येतो. मागून येणाऱ्या आवाजाची आपल्याला जन्मापासून सवय असते. आधी येणारा आवाज मात्र लगेच खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत हेच आकड्यांत आहे: आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला जाणवू लागतं, मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांनंतर. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे पुढच्या बाजूला जेमतेम एका फ्रेमची मोकळीक.

म्हणूनच क्लिप सरकवण्याआधी दुखणं ओळखायला हवं.

कधी बिघाड फक्त प्लेबॅकचा असतो. फोर-के चित्रण उलगडताना संगणक मागे पडतो. तेव्हा बहुतेक सॉफ्टवेअर आवाज अखंड ठेवतात आणि फ्रेम गाळतात, कारण आवाजातला क्षणाचा खंडही कानाला टोचतो. ब्लूटूथ हेडफोन लावला असेल तर आवाजच उशिरा पोचतो. दोन्ही वेळा मूळ फाइल निर्दोष असते. चित्रणाची हलकी प्रत, म्हणजे प्रॉक्सी, बनवावी, तारेचा हेडफोन लावावा. भासावर विसंबून क्लिप हलवली, तर जुळलेलंच बिघडतं.

कधी तफावत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सारखीच असते. तिथे चित्रणाच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर वाजवलेल्या टाळीचा क्षण चित्रात शोधून आवाजाच्या वेव्हफॉर्मचं टोक त्याच्याशी जुळवलं की काम झालं.

सगळ्यांत फसवी ती हळूहळू वाढणारी तफावत. सुरुवात चोख, शेवट विसकटलेला. बरेच मोबाइल फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत. उजेड कमी झाला की तो बदलतो. ३० फ्रेमचं चित्रण २९.९७ समजून वाचलं गेलं, तर तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो. वेगळ्या रेकॉर्डरचं घड्याळही कॅमेऱ्याच्या घड्याळाशी तंतोतंत चालत नाही. इथे क्लिप सरकवून काही साधत नाही. चित्रण तुझ्यावर आणण्यापूर्वीच स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलावं, आवाज ४८ किलोहर्ट्झवर ध्वनिमुद्रित करावा, आणि टाळी आरंभी वाजवावी तशी अखेरीसही. दोन टाळ्यांमधलं अंतर दोन्ही पट्ट्यांत सारखं आहे का, एवढं मोजलं की घसरण लपत नाही.

एखाद्या गावातल्या म्हाताऱ्या कीर्तनकाराचं चित्रण पुन्हा होईलच असं नाही. त्याचे शब्द त्याच्याच ओठांतून यावेत, एवढा आदर आपण त्याला देणं लागतो. म्हणून तुझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: एक्सपोर्ट झालेली फाइल दुसऱ्या यंत्रावर लावा, तिची सुरुवात, मध्य आणि शेवट पाहा, आणि मगच लोकांसमोर ठेवा.

तुझा,
एक संकलक