दहा दिवसांचा दगड

अण्णांच्या दहाव्याला सकाळी आम्ही कामरेजला नदीवर उतरलो तेव्हा महामार्गाच्या पुलावरून ट्रक धडधडत होते. माझ्या हातात फडक्यात गुंडाळलेला जीवखडा. मडकं फोडलं तो हा दगड. लिंबाएवढा, करडा, कुठेही सापडावा असा. रोज त्यावर तिळाचं पाणी सोडायचं. हरवला तर काय, या धास्तीने मी रात्री उठून बघत असे. अण्णा अंथरुणावर होते तेव्हा इतक्यांदा उठलो नव्हतो.

अण्णा अमळनेरकडचे. ताप्ती व्हॅलीच्या गाडीने उधन्याला उतरले आणि लूमच्या खडखडाटात उभा जन्म काढला. शेवटी कान गेले. ‘बाहेरचं बंद झालं, आतला लूम चालूच आहे,’ म्हणायचे. गावची तापी इथेही आहे, एवढ्यावर त्यांनी सुरतेला आपलं मानलं होतं.

गुरुजी मंत्र म्हणत होते आणि मला, का कोण जाणे, आयर्लंड आठवत होतं. गेल्या वर्षी डब्लिनला लेकीकडे गेलो होतो. तिने बॉइन नदीकाठचं न्यूग्रेंज दाखवलं. इ.स.पू. ३२००च्या सुमाराचं, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनं. हिरव्या टेकाडाच्या पोटात १९ मीटरांचा दगडी बोळ, अंग चोरून जावं लागतं असा. आत परातीसारखी दगडी पात्रं. त्यांत मेलेल्यांची जळालेली हाडं ठेवत. म्हणजे तेही जाळतच होते! मग ती जागा मला परकी वाटेना. गाइडने दिवे मालवले आणि एका बल्बच्या उजेडाचा पट्टा जमिनीवरून सरकत आला. खरा सूर्य वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, २१ डिसेंबरच्या आसपास, उगवताना दारावरच्या झरोक्यातून आत शिरतो आणि १७ मिनिटांनी निघून जातो. उत्खनन करणारे मायकेल ओ’केली १९६७च्या डिसेंबरात आत अंधारात उभे होते, म्हणून ते कळलं.

टेकाडाभोवती ९७ दगडांचं कडं आहे. दारातल्या शिळेवर भोवऱ्यांची नक्षी; फोटो सगळे तिथेच काढतात. मला मात्र वेगळंच काही लागून राहिलं. काही दगडांच्या मागच्या अंगालाही, मातीत गाडलं जाणार त्या बाजूलाही कोरीव काम आहे. कोरणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं का? असणारच. तरी घाव घातले.

आपल्याकडे असलं काही नाही. तापी सूर्याची लेक, यमाची सावत्र बहीण. तिच्या काठी राख झाली की संपलं. सुरतेत सांगतात, कर्णाला दहनासाठी कुमारी भूमी मिळाली ती इथेच, अश्विनीकुमार घाटाजवळ. खूण म्हणून तीन पानांचा वड. सूर्यपुत्राच्या वाट्यालाही शिळा नाही, झाड! आणि हे कामरेज? दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक सागरवर्णनातलं ‘कम्मोनी’ ते हेच, असं अभ्यासक मानतात. २००३ साली इथलं पांढरीचं टेकाड खणलं, तेव्हा त्या काळच्या लोकांची खापरं निघाली. खापरं राहतात.

‘सोडा आता,’ गुरुजी म्हणाले. गुडघाभर पाण्यात उभा राहून मी फडकं उलगडलं. कसा कोण जाणे, दगड हातात उलटा झाला. मागच्या अंगाला गारेची एक पांढरी रेघ होती, केसाएवढी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दहा दिवसांत ती मला दिसली नव्हती. मी तिच्यावरून ओला अंगठा फिरवला.

गुरुजींना घाई होती. अकरा वाजता त्यांना सचिन गावी दुसरं दहावं होतं. मी हात पाण्याखाली नेऊन मूठ उघडली. पुलावरून ट्रक जात होता. आवाज झाला असेल तर मला ऐकू आला नाही.